तासाभराच्या खेळाचं मोल

जमैकाची राजधानी किंग्स्टन. १९८६-८७ या काळात तिथल्या गरीब वस्त्यांमधली १२९ मुलं डॉ. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अभ्यासासाठी निवडली. मुलं ९ ते २४ महिन्यांची होती आणि सगळ्यांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. त्यांचे चार गट पाडले. पहिल्या गटातल्या मुलांना दर आठवड्याला एक किलो दुधाचा पूरक आहार मिळू लागला. दुसऱ्या गटातल्या प्रत्येक मुलाच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, एक आरोग्यसेविका जाऊ लागली. तिने मुलाशी खेळायचं, बोलायचं आणि आईला त्यात सामील करून घ्यायचं. तिसऱ्या गटाला आहार आणि खेळ दोन्ही मिळालं. चौथ्या गटाला नेहमीच्या आरोग्यसेवेखेरीज वेगळं काही नव्हतं. हे दोन वर्षं चाललं.

दोन वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा आहारानेही मुलांच्या विकासाला हातभार लागला होता आणि खेळानेही. ज्यांना दोन्ही मिळालं, ती मुलं नीट वाढलेल्या मुलांच्या जवळपास जाऊन पोचली होती. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. या मुलांचा माग ते पुढे कित्येक वर्षं काढत राहिले आणि खरी मोलाची माहिती त्यातून हाती आली.

मुलं अकरा-बारा वर्षांची होईतो पूरक आहाराचा बुद्धीवरचा परिणाम ओसरला होता. खेळाचा मात्र टिकून होता. सतरा-अठराव्या वर्षी खेळाच्या गटातली मुलं वाचनात आणि बुद्धिमापनात पुढे होती, त्यांच्यात चिंता आणि नैराश्य कमी होतं. बाविसाव्या वर्षी त्यांची कमाई, खेळ न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त भरली. लहानपणी वाढ न खुंटलेल्या त्यांच्याच वयाच्या तरुणांच्या कमाईशी ती बरोबरी करत होती. नोबेल मिळवलेले अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन यांचाही सहभाग असलेला हा अभ्यास २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला.

यावरून आहाराचं महत्त्व कमी, असा अर्थ कुणी काढू नये. गरोदरपणात आणि पहिल्या दोन वर्षांत लोह, आयोडीन, प्रथिनं कमी पडली तर मेंदूच्या वाढीवर घाव बसतो, हे निर्विवाद आहे. किंग्स्टनच्या मुलांना दूध मिळालं ते वाढ आधीच खुंटल्यावर. या अभ्यासाचं सांगणं वेगळं आहे. पोट भरलं की मूल आपोआप शिकतं, हा आपला समज अपुरा आहे. मेंदूला आहार लागतो तसा माणसाचा सहवासही लागतो.

त्या तासात काय व्हायचं?

आरोग्यसेविका ना डॉक्टर होत्या, ना मानसशास्त्रज्ञ. बेताचं शिक्षण आणि काही आठवड्यांचं प्रशिक्षण, एवढ्या शिदोरीवर त्या काम करत. खेळणी रिकाम्या बाटल्या, पुठ्ठा, कापड यांपासून घरीच केलेली. एका भेटीत आणलेलं खेळणं घरी ठेवून जायचं आणि पुढच्या भेटीत बदलून दुसरं द्यायचं. चित्र दाखवून नाव सांगणं, डब्यात वस्तू टाकणं-काढणं, गाणं म्हणणं, मुलाने काही जमवलं की कौतुक करणं, असा तो तास असे. पण सेविकेचं मुख्य लक्ष आईवर होतं. आठवड्यातल्या एका तासाने मूल बदलत नाही. त्या तासात आईला जे उमगतं, ते उरलेल्या दिवसांत घरात घडत राहतं आणि त्याने मूल बदलतं.

मेंदूला हे का लागतं?

जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूचं आकारमान प्रौढ मेंदूच्या साधारण पाव असतं. दोन वर्षांत ते तीन चतुर्थांशाच्या पुढे जातं. या काळात मज्जापेशी एकमेकींशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या करून ठेवतात. ज्या जोडण्या वापरात येतात त्या पक्क्या होतात, ज्या येत नाहीत त्या हळूहळू छाटल्या जातात. पाच वर्षांच्या आसपास तर विसाव्यातल्या शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. मूल कोणत्या अनुभवांत वाढतं, यावर या जोडण्यांतलं काय राहणार हे बरंचसं ठरतं.

हा अनुभव पडद्यावरून देता येईल का? अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये याचं उत्तर शोधलं. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी मँडरिन भाषिक व्यक्ती बारा वेळा येऊन खेळल्या, पुस्तकं दाखवत बोलल्या. त्या बाळांना चिनी भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना त्याच व्यक्ती, तेच बोलणं, चित्रफितीवर दाखवलं. ती काहीच शिकली नाहीत. चित्रफितीतली बाई बाळ कुठे बघतंय हे पाहत नाही, त्याच्या हुंकाराला उत्तर देत नाही.

उत्तर मिळणं, हीच यातली कळीची गोष्ट. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं नोंदवून त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं गेलं. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडतात, यापेक्षा मूल आणि मोठं माणूस आळीपाळीने किती वेळा बोलतात, याच्याशी मेंदूतल्या भाषाकेंद्राच्या कामाचा जास्त संबंध दिसला. घरची मिळकत कितीही असो, हा संबंध कायम होता. म्हणून बाळाच्या ‘ऊंऽ’ला ‘हो का गं?’ म्हणणारी आजी, ‘बुवाऽ कुक’ करणारा मामा, भाजी निवडताना शेंगा मोजून दाखवणारी आई हे सगळे त्याच्या मेंदूच्या घडणीत हात लावत असतात.

आपल्याकडची वाट

महाराष्ट्राला ही दिशा नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर या दोघींनी बालवाडीच आदिवासी पाड्यांवरच्या अंगणात नेली. महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हाताशी घेतली. देशभरच्या अंगणवाडीची बीजं या प्रयोगात आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत.

म्हणजे जागा आहे, माणूसही आहे. तरी सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाशी या यंत्रणेचा संबंध बहुतांशी वजन-उंची, लसीकरण आणि घरपोच आहाराच्या पाकिटापुरता उरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. किंग्स्टनमध्ये ज्यांच्यासाठी तो तास ठेवला होता, तीच ही मुलं.

हे आपल्याकडे जमेल, याला पुरावा आहे. ओडिशातल्या १९२ गावांत जमैकाच्या पद्धतीचा अभ्यास झाला. काही गावांत सेविका घरोघरी गेल्या, काहींत आयांना बाळांसह एकत्र बोलावून खेळाचे गट चालवले. दोन्ही ठिकाणी मुलांच्या बुद्धीच्या विकासात फरक पडला आणि गट चालवायला खर्च बराच कमी आला. केंद्र सरकारनेही २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. घरी आणि अंगणवाडीत करायचे वयानुसार खेळ त्यात दिले आहेत.

आराखडा कागदावरून अंगणात यायचा तर सेविकेला वेळ हवा. रजिस्टरं, मोबाइलवरच्या नोंदी, सर्वेक्षणं, सभा यांत तिचा दिवस जातो. हे ओझं कमी करून आठवड्यातले काही तास तिला बाळांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी मोकळे द्यायला हवेत. खेळ कसा घ्यायचा याचं प्रशिक्षण एकदा देऊन भागत नाही, सोबत राहून शिकवणारी पर्यवेक्षिका लागते. आणि या कामाला साजेसं मानधनही हवं, कारण हे काम शिक्षकाच्या कामाहून तसूभरही हलकं नाही.

शाळेत मूल मागे का पडतं, याची चर्चा आपण पहिली-दुसरीच्या वर्गात बसून करतो. तोवर त्याच्या आयुष्यातली सहा वर्षं सरलेली असतात. गावाच्या ग्रामसभेत, महापालिकेच्या अंदाजपत्रकात, पालकांच्या बैठकीत आता एक प्रश्न ठामपणे विचारायला हवा: आपल्या अंगणवाडीत तीन वर्षांखालच्या बाळाशी या आठवड्यात कुणी, किती वेळ खेळलं?