फोटोतला रंग आणि डब्यातला रंग

मैत्रिणींनो, सरस प्रदर्शनात गिऱ्हाईक हळद चिमटीत धरून बघतं, वास घेतं, मग पैसे काढतं. व्हॉट्सअ‍ॅपवर तसं नसतं. तिथे फोटो बघूनच ऑर्डर येते. म्हणून फोटो उठून दिसावा असं आपल्याला वाटतं आणि बोट ‘सॅच्युरेशन’च्या पट्टीवर जातं.

सॅच्युरेशन म्हणजे रंग किती भरलेला आहे ते. पट्टी पार डावीकडे नेली की फोटो काळा-पांढरा होतो. उजवीकडे नेली की रंग भडक होत जातो. पण ही पट्टी सगळेच रंग एकदम वाढवते. मिरची लाल होते, तसा ताट धरलेला हातही नारिंगी दिसतो. आणखी वाढवलं तर मिरचीची भरड दिसेनाशी होते, नुसता लाल डाग उरतो.

यात नुकसान आपलंच. दळलेल्या मिरची-हळदीत वरून रंग घालायला कायद्याने बंदी आहे. आपली मिरची शुद्ध असते, पण भडक फोटो बघून गिऱ्हाइकाला भेसळीचा संशय येतो. गोधडीचं वेगळं. फोटोत राणी रंग आणि हातात पडली की फिकी गुलाबी! मग ती परत येते, जायचा-यायचा खर्च गटाच्या माथी, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा विचारत नाही.

मग काय करायचं?

१. फोटो दिवसा, ओसरीत किंवा दाराजवळ सावलीत काढा. फ्लॅश आणि पिवळा बल्ब नको.

२. मालाशेजारी पांढरा कागद ठेवा. फोटोत कागद पिवळट दिसला तर सॅच्युरेशनला हात लावू नका. कागद पांढरा दिसेपर्यंत ‘वॉर्म्थ’ कमी करा.

३. फोटो काळपट असेल तर आधी ‘ब्राइटनेस’ वाढवा. पुष्कळदा तेवढंच पुरतं.

४. तरीही रंग फिका वाटला तर सॅच्युरेशन थोडंच वाढवा, १०० पैकी ५ ते १०. ॲपमध्ये ‘व्हायब्रन्स’ असेल तर ते बरं. ते फिक्या रंगांना जास्त उचलतं, भडक रंगांना कमी.

५. पाठवण्याआधी फोटो आणि माल शेजारी धरून बघा. प्रत्येक मोबाइलचा स्क्रीन वेगळा रंग दाखवतो, म्हणून दुसऱ्या ताईच्या फोनवरही बघा.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटाने आपला एक माल आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो घेऊन यावं. दोन्ही शेजारी ठेवू आणि जुळतात का ते सगळ्याजणी मिळून बघू.