धंदा आपला, हिशेब कोणाचा?



कामगार संघटनेच्या माणसाला दुकानदारांच्या हिशेबात काय गम्य, असे आपणांपैकी कित्येकांना वाटले असेल. परंतु पुलगावची कापडगिरणी बंद पडल्यावर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी किराणा, पानठेला, सायकलदुरुस्ती असे धंदे धरले, आणि अडचण आली की ते माझ्याकडेच येत राहिले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. युनियनचा जमाखर्च दरसाल निबंधकाकडे पाठवावा लागतो, त्यातून मी जे शिकलो तेवढेच भांडवल.

छोट्या धंदेवाल्याने हिशेब व कर स्वतः पाहावेत काय? यात दोन निरनिराळी कामे एकत्र झाली आहेत. रोजची कीर्द लिहिणे हे एक, आणि सरकारला विवरणपत्र भरून देणे हे दुसरे. पहिले काम माझ्या मते मालकाने किंवा त्याच्या घरच्यांनीच करावे. दुसरे जाणत्याकडे खुशाल द्यावे, पण त्याने काय भरले ते वाचून घ्यावे.

कीर्द म्हणजे आला-गेला पैसा त्याच दिवशी लिहिणे. खतावणी म्हणजे तोच व्यवहार माणसागणिक खात्यात उतरविणे. रात्री पेटीतली रोकड मोजावी व वहीतल्या शिल्लकेशी ताडून पाहावी. घरखर्चासाठी गल्ल्यातून काढलेले शंभर रुपये, उधारीवर गेलेली साखर, हे सल्लागाराला वर्षाअखेरीस कळण्याचा मार्गच नाही. त्याला आपण नेऊन दिलेली बिले तेवढी दिसतात.

आपल्या वर्ध्याला याची जुनी ओळख आहे. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम उभारणारे जे. सी. कुमारप्पा हे लंडनला शिकलेले हिशेबतज्ज्ञ. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता, तेव्हा खुद्द गांधीजींच्या मंडळींचा खर्चही त्या निधीतून देण्यास त्यांनी नकार दिला. निधी कशासाठी आहे, हे वहीवरून त्यांना ठाऊक होते.

आता कराकडे वळू. आयकरात छोट्या व्यापाऱ्यासाठी सोय आहे: उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर रोखीच्या विक्रीवर ८ टक्के व बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून विवरण देता येते. मग वही कशाला, असे काही जण विचारतात. अहो, पण विक्री किती झाली हे तरी कशावरून सांगणार? जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला. राज्यातल्या राज्यात केवळ माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंत साधारणतः नोंदणीची सक्ती नाही. मात्र एकदा नोंदणी घेतली की विक्री कितीही थोडी असो, विवरण द्यावेच लागते.

येथेच आमचा एक जुना जॉबर फसला. वर्षाची विक्री जेमतेम १२ लाख, तरी एका सल्लागाराने त्याची नोंदणी करून टाकली. मी विचारले, तर म्हणाला, "भाऊ, आपल्याला त्यातलं काय समजते? वकीलसाहेब पाहून घेतात." साहेबांनी नोंदणीत स्वतःचाच मोबाईल क्रमांक घातला होता. नोटिसा त्या क्रमांकावर गेल्या, दीड वर्ष विवरण गेलेच नाही, विलंबशुल्क चढत राहिले. ठोक व्यापाऱ्याने "तुमचा नंबर रद्द दिसतो" म्हटले तेव्हा याला पत्ता लागला. कायद्यापुढे जबाबदार हाच, कारण नोंदणी याच्या नावाची.

त्याला तारले ते बायकोने. ती मुलाच्या जुन्या वहीत रोजची विक्री लिहीत असे. एकरकमी योजनेत व्यापाऱ्याला विक्रीवर १ टक्का कर असतो. तिमाहीला ३ लाखांची विक्री, तर ३,००० रुपये. तिच्या वहीतून सहाही तिमाह्यांचे आकडे एका दुपारी निघाले. मग कार्यालयात अर्ज करून मोबाईल क्रमांक बदलला, थकलेला कर व्याजासह भरला आणि नको असलेली नोंदणी सोडून दिली.

विवरण तो आजही दुसऱ्याकडूनच भरून घेतो. पण ओटीपी याच्या फोनवर येतो, आणि आकडा काय घातला ते विचारल्यावाचून बाई तो सांगू देत नाहीत.