दि. बा. पाटील: मोबदल्यापासून वाट्यापर्यंत

1970 साली सिडको हे शासकीय महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांची भातशेती व मिठागरे नवी मुंबई या नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. तेव्हा लागू होता 1894 चा भूसंपादन कायदा. तो जमिनीचा भाव ठरवत असे; जमीन गेल्यावर त्या घराने जगायचे कशावर, हे तो विचारत नसे. उरण तालुक्यातल्या जासईत 1926 साली जन्मलेले वकील दि. बा. पाटील यांनी हाच प्रश्न लावून धरला आणि त्यासाठी आंदोलन उभारले. 1957 साली ते पनवेलमधून विधानसभेत गेले, पुढे विरोधी पक्षनेते आणि खासदारही झाले. पण त्यांचे मोठेपण पदांपेक्षा एका विचारात आहे: ज्याच्या जमिनीवर शहर उभे राहते, त्याचा त्या शहरात वाटा असला पाहिजे.

वकिलाने हा लढा न्यायालयात लढायचा, रस्त्यावर कशाला, असे कुणी म्हणेल. पण त्या कायद्याखाली न्यायालय फार तर भाव वाढवून देऊ शकत होते. जो वाटा कायद्यातच नव्हता, तो देणार कुठून? तो शासनाकडूनच मिळवावा लागणार होता. त्याची किंमत भयंकर होती. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई व नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्यानंतर 1990 आणि 1994 च्या शासन निर्णयांनी घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला देण्याची योजना आकाराला आली. एकरामागे पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठीची कपात जाता हाती साडेतीन. वाटा लहान, पण तत्त्व मोठे.

या योजनेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा, की तिने सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यालाच ओळखले. शेतमजूर, मिठागर कामगार, कातकरी बाहेर राहिले. शिवाय अनेक भूखंड बिल्डरांकडे गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांतून वाट्याचे तत्त्व चुकीचे ठरत नाही, अपुरे ठरते. दिबांचे निधन 24 जून 2013 रोजी झाले. त्याच वर्षी संसदेने केलेल्या नव्या भूसंपादन कायद्याने जमिनीवर पोट असलेल्या भूमिहीनांनाही बाधित मानले आणि शहरीकरणासाठी जमीन घेतल्यास मूळ मालकांसाठी 20 टक्के विकसित जमीन राखायची तरतूद केली. नवी मुंबईच्या विमानतळाला दिबांचे नाव देणे रास्तच आहे. पण कातकरी वाडीपर्यंत हा हक्क पोहोचेल, तेव्हाच त्यांचे काम पुरे झाले असे म्हणता येईल.