१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेताय? आधी लॅपटॉपचा पोर्ट तपासा

अंबरनाथच्या बुवापाड्यात राहणाऱ्या माझ्या मावसभावाने पैसे साठवून १४४ हर्ट्झचा, २५६० × १४४० रिझोल्यूशनचा मॉनिटर घेतला. लॅपटॉपला जोडला, तर आकडा ६० च्या वर जाईना. "दादा, पीस खराब आलाय. परत करू का?" मॉनिटर ठणठणीत होता. अडत होतं लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टपाशी.

असं का होतं?

हर्ट्झ म्हणजे स्क्रीन एका सेकंदात किती वेळा चित्र बदलते तो आकडा. या रिझोल्यूशनला १४४ हर्ट्झवर नुसत्या चित्रासाठीच सेकंदाला सुमारे १२.७ गिगाबिट डेटा लागतो. एचडीएमआय १.४ मधून जेमतेम ८ गिगाबिट जातो, २.० मधून १४.४. गंमत म्हणजे दोन्ही पोर्ट दिसायला सारखेच! म्हणून नुसतं बघून कळत नाही.

काय तपासायचं?

१. पोर्ट: लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका आणि स्पेसिफिकेशनमध्ये एचडीएमआयचं व्हर्जन बघा.

२. यूएसबी-सी: प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून डिस्प्ले मिळत नाही. स्पेसिफिकेशनमध्ये 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'थंडरबोल्ट' लिहिलेलं हवं.

३. ग्राफिक्स: टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स > जीपीयू इथे चिपचं नाव मिळेल. ती किती रिझोल्यूशनला किती हर्ट्झ देते, ते चिप बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर बघा.

४. मॉनिटर आणि केबल: काही मॉनिटर पूर्ण हर्ट्झ फक्त डिस्प्लेपोर्टवरच देतात, त्यामुळे मॅन्युअल वाचा. मध्ये जुनी केबल किंवा स्वस्तातला हब असेल तर तिथेही गाडी अडते.

डेस्कटॉप असेल आणि त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल मदरबोर्डला नाही, त्या कार्डलाच लावा.

जोडल्यावर हे विसरू नका

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज > सिस्टिम > डिस्प्ले > ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडा. बऱ्याचदा तो ६० वरच राहिलेला असतो. यादीत १४४ दिसतच नसेल, तर वरच्या चारपैकी एक कडी कमजोर आहे.

भावाच्या लॅपटॉपच्या यूएसबी-सीमध्ये डिस्प्लेपोर्टची सोय होती. यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल आणली, १४४ निवडलं आणि काम झालं. मॉनिटर परत करावा लागला नाही. पण ती सोय नसती, तर १४४ चे पैसे देऊन ६० वरच समाधान मानावं लागलं असतं. त्यामुळे आधी पोर्ट, मग ऑर्डर!