काठाला लागलेली बोटुकली
तळ्याकाठचं विज्ञान : भाग 6

"काल सांजच्याले तं बरे होते भाऊ. सकाळी पाहतो तं सारे काठाले!"

वर्ध्याच्या सेलू तालुक्यातल्या एका शेततळ्याच्या बांधावर ऐकलेलं हे वाक्य. चारच दिवसांपूर्वी रोहू-कटल्याचं बीज सोडलं होतं. मेलेली पिल्लं पन्नीच्या काठाशी पांढरी पोटं वर करून तरंगत होती. धुगधुगी असलेलं एक तळहातावर घेतलं. दोन इंचांचं असेल. पाठीवरच्या पराच्या बुडापासून दोन्ही कुशींवर उतरलेला राखाडी पट्टा. पोळ्याच्या बैलावर झूल टाकावी तसा. नखाने कल्ल्याचं झाकण उचललं. आत लालभडक दिसायला हवं, तिथे कड पिवळट तपकिरी झालेली आणि टोकं झडलेली.

गेल्या आठवड्यात आपण बीज पारखून कसं घ्यायचं आणि पिशवीतून कसं आणायचं ते पाहिलं. आज त्याच बीजाला तळ्यात गाठणाऱ्या जिवाणूंविषयी.

ही झूल आणि हे कल्ले म्हणजे कॉलम्नॅरिस रोगाच्या ओळखीच्या खुणा. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या माशांमध्ये हर्बर्ट स्पेन्सर डेव्हिस यांनी 1922 साली त्याचं पहिलं वर्णन केलं. कल्ल्याचा बारीकसा तुकडा पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की लांबट, काडीसारखे जिवाणू सरपटत एकमेकांवर चढताना दिसतात. थोड्या वेळात त्यांचे ढिगारे होतात, खळ्यावर कडब्याची गंजी रचावी तसे. या खांबांसारख्या रचनेवरूनच 'कॉलम्नॅरिस' हे नाव पडलं. पंचवीस अंशांच्या वरचं कोमट पाणी या जिवाणूला मानवतं, आणि वर्ध्याच्या तळ्यात तसं पाणी वर्षातले बरेच महिने असतं. मोठा मासा काही दिवस तग धरतो. पिल्लाचे कल्ले एवढेसे. ते झडले की श्वासच बंद. म्हणून सांजेला बरं दिसलेलं बीज सकाळी काठाला लागतं.

दुसरा नेहमीचा पाहुणा एरोमोनास. तो आत शिरला की पोटात पाणी साचतं, डोळे बाहेर येतात आणि खवले उभे राहतात. अंग पिकल्या सीताफळासारखं दिसू लागतं. यालाच जलोदर म्हणतात. कधी अंगावर लाल चट्टे येतात, कधी शेपटी कडेपासून कुजत जाते. हाच जिवाणू बेडकांनाही छळतो आणि माणसाच्या उघड्या जखमेतही शिरू शकतो. हाताला चिरा असताना आजारी मासे चिवडू नयेत, ते यासाठी.

आता खरा प्रश्न. हे जिवाणू आले कुठून? उत्तर ऐकून अनेकांची निराशा होते : बहुतेक वेळा ते तळ्यातच होते. बोर धरणात आहेत, धाम नदीच्या डोहात आहेत, धडधाकट माशाच्या अंगावरही आहेत. निरोगी माशाच्या कातडीवरचा बुळबुळीत थर त्यांना आत येऊ देत नाही. तो थर खरवडला गेला, कल्ले दुखावले, मासा दमला, की त्यांची वेळ येते. रोग लागला तो दिवस शोधायचा असेल, तर मरतुकीच्या चार-आठ दिवस मागे जावं लागतं.

त्या बांधावर तसंच मागे गेलो. बीज परराज्यातून रात्रभराचा प्रवास करून आलेलं. पिशवी उघडून थेट तळ्यात ओतलेली. पिशवीतलं पाणी आणि तळ्याचं पाणी यांच्या तापमानात फरक असतो, म्हणून पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्यायची, मग तळ्याचं पाणी हळूहळू आत घ्यायचं. ते राहून गेलं होतं. तळ्यात सोडण्याआधी दहा लिटर पाण्यात 200 ते 300 ग्रॅम मीठ विरघळवून मिनिटभर बुडी द्यायची, तीही नाही.

मग संख्या. 30 बाय 30 मीटरचं शेततळं म्हणजे 900 चौरस मीटर, हेक्टरच्या दहाव्या भागाहूनही कमी. हेक्टरी 5 ते 10 हजार बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, धरली, तर इथे 450 ते 900 पुरतात. सोडली होती तीन हजार. "मरतेच थोडी, म्हून जास्त टाकली," हे त्यावरचं उत्तर. दाटी झाली म्हणून मरतात आणि मरतात म्हणून दाटी करायची, असं हे चक्र.

पन्नीच्या तळ्याची आणखी एक अडचण. तळाशी माती नाही. उरलेली ढेप आणि कोंडा तिथेच कुजतो आणि अमोनिया तयार होतो. दुपारी शेवाळामुळे पाण्याचा सामू चढला, की तोच अमोनिया जास्त विषारी होतो आणि कल्ले जाळतो. जिवाणूंसाठी वाट तयार.

मात्र प्रत्येक मरतूक जिवाणूंची नसते. पहाटे सगळे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, मोठे आधी मरत असतील आणि ऊन चढल्यावर उरलेले सावरत असतील, तर ती प्राणवायूची टंचाई. तीस अंशांच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो. रात्री शेवाळही त्यातच वाटेकरी. रोगी मासा मात्र दिवसभर सुस्त, कळपापासून वेगळा, खाद्याकडे पाठ फिरवलेला.

आणि इथेच औषधाचा हिशेब चुकतो. दुकानातून प्रतिजैविक आणून खाद्यात कालवलं, तर ते खाणार कोण? ज्याला भूक आहे तो, म्हणजे निरोगी मासा. आजाऱ्याच्या पोटात ते जातच नाही. उरलेलं पाण्यात आणि गाळात उतरतं आणि तिथले जिवाणू औषधाला सरावतात. हा सराव एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, अगदी माणसाच्या रोगजंतूंपर्यंत. म्हणूनच भारत सरकारने जुलै 2019 मध्ये कोलिस्टिन हे औषध कोंबड्या, जनावरं आणि मत्स्यपालनात वापरायला बंदी घातली. गंभीर रुग्णांसाठी ते डॉक्टरांच्या हातातल्या शेवटच्या काही औषधांपैकी एक आहे.

मग मरतूक दिसली तर करायचं काय? मेलेली पिल्लं रोज उचलून चुना टाकून पुरायची. जिवंत मासे ती टोचतात आणि रोग पसरतो. खाद्य थांबवायचं. शक्य असेल तर तळाचं थोडं पाणी काढून ताजं भरायचं. आणि धुगधुगी असलेली दोन-चार पिल्लं पाण्यासह पिशवीत घालून त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात तपासायला न्यायची. कुजलेल्या माशावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

एक औषध मात्र वर्ध्यात फुकट मिळतं. मे महिन्यात रिकामं तळं कोरडं पडू द्यायचं. मातीचं असेल तर काळ्या मातीला भेगा पडेपर्यंत. जाळी, टोपली, बादल्या धुऊन बांधावर वाळवायच्या. कॉलम्नॅरिसच्या जिवाणूला ओल लागते, कडक वाळवण सोसत नाही. निघताना पाहिलं, तर बीज सोडताना वापरलेलं हापा-जाळं झाडाखाली, सावलीत, ओलंच गोळा करून ठेवलेलं होतं. दोघांनी मिळून ते उन्हात पसरलं.

(पुढच्या भागात : ढेप, कोंडा आणि तळाशी साचणारं कर्ज)