अंधारांतील प्रकाश : नाताळचा अर्थ

ख्रिस्तजन्माचा उत्सव २५ डिसेंबरला साजरा होतो. त्या सुमारास उत्तर गोलार्धांतील रात्री सर्वांत मोठ्या असतात. बायबलांत ख्रिस्ताची जन्मतिथि दिलेली नाहीं. रोम येथील ३५४ सालच्या एका तिथिग्रंथांत मात्र ती २५ डिसेंबर अशी नोंदलेली आढळते. दिवस मोठा होऊं लागतांना हा सण यावा, हें प्रतीक सुंदर खरें. परंतु ऑस्ट्रेलियांत तोच सण ऐन उन्हाळ्यांत येतो, आणि तेथील ख्रिस्ती लोकही प्रकाशाचेंच स्तवन करतात. अर्थात् हा प्रकाश सूर्याचा नव्हे.

मग तो कोणता? शुभवर्तमानांपैकीं मत्तयाच्या कथेंत तारा आहे, लूकच्या कथेंत रात्रीं कळप राखणाऱ्या मेंढपाळांभोवतीं पसरलेलें तेज आहे. योहानाच्या ग्रंथांत गव्हाण नाहीं, ताराही नाहीं. तो आरंभींच प्रकाश व अंधार यांची गांठ घालून देतो. तेथें अंधाराच्या संबंधांत योजिलेल्या ग्रीक क्रियापदाचे दोन अर्थ होतात : समजून घेणें आणि पकडून कह्यांत घेणें. भाषांतरकारांपैकीं कोणी पहिला अर्थ घेतात, कोणी दुसरा. मराठींतील ‘आकळणें’ या शब्दांत दोन्ही अर्थ सहज नांदतात. योहानाच्या मतें अंधाराला या दोहोंपैकीं एकही गोष्ट साधली नाहीं.

मात्र अंधार नाहींसा झाला, असें तो म्हणत नाहीं. मत्तयाच्या कथेंत तर तारा उगवल्यानंतर हेरोद राजा बेथलेहेमांतील बालकांची कत्तल करवितो. मग ज्या घरांत यंदां मृत्यु येऊन गेला, त्या घरानें नाताळांत मेणबत्ती कां लावावी? ख्रिस्ती श्रद्धेचें उत्तर असें आहे : दुःख संपलें म्हणून नव्हे, तर ईश्वर त्या दुःखांत स्वतः उतरला म्हणून. तो राजवाड्यांत आला नाहीं. उतरण्यास जागा न मिळालेल्या मातेच्या पोटीं आला.

हा भाव एका साध्या प्रथेंत दिसून येतो. योहान हिनरिख विखर्न या जर्मन धर्मसेवकानें १८३३ मध्यें हांबुर्गजवळ निराधार मुलांसाठीं एक आश्रम काढला. नाताळ केव्हां येणार, असें तीं मुलें रोज विचारीत, असें सांगतात. म्हणून १८३९ मध्यें त्यानें एका लाकडी चाकावर मेणबत्त्या बसविल्या : नाताळपूर्वींच्या चार रविवारांसाठीं चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठीं लहान तांबड्या. रोज एक ज्योत अधिक पेटे. बाहेर दिवस आंखूड होत, रात्र वाढत जाई. आणि त्याच काळांत मुलांसमोरचा उजेडही वाढत जाई. आज अनेक चर्चमध्यें दिसणारें चार मेणबत्त्यांचें वलय त्यांतूनच निघालें.

वसई, मुंबई व गोवा येथें नाताळांत ख्रिस्ती घरांवर ताऱ्याच्या आकाराचे कंदील टांगतात. अशा एका कंदिलानें गल्लींतील सारा काळोख जात नाहीं. दार कोठें आहे, एवढेंच दिसतें. घर शोधीत निघालेल्या माणसास तेवढें पुरतें.