द्राक्षाचा मणी आणि लोखंडाचा हात

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास कवठे महांकाळच्या आसपास एखाद्या द्राक्षबागेत गेलात, तर काढणी करणाऱ्या बाया जरा लक्ष देऊन पाहा. एका हाताने त्या घड देठाला धरतात, दुसऱ्या हातातील कात्रीने देठ कापतात आणि घड अलगद क्रेटमध्ये ठेवतात. मण्यांना बोटे लागली, तर त्यांच्यावरचा पांढरट मेणाचा पातळ थर पुसला जातो. एखादा मणी चिरडला, तर त्याच्या रसाने शेजारचे मणीही खराब होतात. इतके नाजूक काम, पण त्या ते गप्पा मारता मारता करतात. "मावशी, घड किती जोराने धरायचा?" असे विचारलेत, तर त्या नुसत्या हसतील!

हेच काम यंत्रमानवाला सांगायचे झाले तर मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. कारखान्यात कामाला लागलेला पहिला यंत्रमानव 'युनिमेट'. १९६१ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो साच्यातून निघालेले धातूचे तप्त भाग उचलू लागला. ठरवून दिलेल्या जागी हात न्यायचा, पकड मिटायची, हात वळवायचा, पकड उघडायची, एवढेच त्याला ठाऊक होते. पकडलेली वस्तू कशी आहे, हे त्याला कळत नव्हते. धातूच्या ओतीव भागाला थोडा जास्त दाब बसला तर बिघडत नाही. द्राक्षाचे, अंड्याचे किंवा काचेच्या नळीचे तसे नाही.

आता थोडे गणित करू. समजा, मण्याचे वस्तुमान ५ ग्रॅम आहे. म्हणजे त्याचे वजन सुमारे ०.०५ न्यूटन. दोन बोटांनी तो धरला, तर त्याला खाली पडू न देणारे बल म्हणजे दोन्ही बाजूंचे घर्षण. प्रत्येक बोटाचा दाब F आणि घर्षणांक ०.५ धरला, तर एकूण घर्षण जास्तीत जास्त २ × ०.५ × F, म्हणजे F एवढेच होते. म्हणून F किमान ०.०५ न्यूटन हवा. पण मणी ओला असेल आणि घर्षणांक ०.१ वर आला, तर हाच दाब पाचपट, म्हणजे ०.२५ न्यूटन लागेल. शिवाय हात झटक्याने, समजा १० मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्या त्वरणाने वर गेला, तर मण्याचे वजन जणू दुप्पट होते आणि दाबही दुप्पट लागतो.

म्हणजे खालची मर्यादा घसरण्याची, वरची मर्यादा चिरडण्याची आणि पकड या दोहोंच्या मध्ये राहिली पाहिजे. त्यातही खालची मर्यादा ओलाव्यानुसार व वेगानुसार बदलते. म्हणून 'एवढा दाब द्या' अशी एकदाच आज्ञा देऊन भागत नाही. क्षणोक्षणी चाचपावे लागते.

आपल्या हाताच्या तळव्याच्या व बोटांच्या आतील त्वचेत स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० मज्जातंतू असतात. वस्तू किंचित सरकू लागली, की त्यांचा निरोप वर जातो आणि आपल्या नकळत पकड घट्ट होते. यंत्राला ही जाणीव कशी द्यायची?

मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्सारी पदार्थ हाताळताना एक युक्ती वापरली जाते. माणूस जाड भिंतीच्या अलीकडे उभा राहून शिसेयुक्त काचेतून पाहतो आणि आपल्या हातातील मूठ हलवतो. पलीकडचा यांत्रिक हात तशीच हालचाल करतो. दोन्ही हात तारांनी व कप्प्यांनी जोडलेले असतात. पलीकडे वस्तूचा विरोध झाला, की तो तारांमधून अलीकडच्या हाताला जाणवतो. येथे स्पर्श माणसाचाच. तारा फक्त तो वाहून आणतात.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या यंत्रमानवाला मात्र स्वतःची 'त्वचा' हवी. तिचे सर्वांत साधे रूप म्हणजे स्ट्रेन गेज. त्याच्या बोटावर धातूची अतिपातळ, नागमोडी पट्टी चिकटवतात. बोट वाकले, की पट्टी ताणली जाते. ती लांब व बारीक झाल्याने तिचा विद्युत रोध वाढतो. १२० ओहमची पट्टी दहा हजारात एक भाग ताणली गेली, तर तिचा रोध साधारण ०.०२४ ओहमने वाढतो. एवढा सूक्ष्म फरक ओळखायला तुमच्या पाठ्यपुस्तकातला व्हीटस्टनचा सेतू उपयोगी पडतो! सेतूचा तोल बिघडला, की विद्युतदाब मिळतो, त्यावरून बल कळते आणि संगणक मोटर आवरतो.

दुसरा उपाय बोटच मऊ करण्याचा. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी रबरी फुग्यात कॉफीची भरड भरून पकड बनवली. फुगा वस्तूवर दाबला, की तो तिचा आकार घेतो. मग आतील हवा शोषली, की दाणे एकमेकांत अडकून घट्ट होतात आणि वस्तू पकडली जाते.

बलाची ही जाणीव माणसाच्या सुरक्षिततेलाही उपयोगी आहे. पुण्याच्या बजाज ऑटो कंपनीने २०१० पासून वापरात आणलेले 'सहकारी' यंत्रमानव कामगारांच्या शेजारी काम करू शकतात. अनपेक्षित विरोध जाणवला, की असा हात थांबतो.

आता घरी एक प्रयोग करा. ताटलीत वीस बेदाणे घ्या. ते एकेक उचलून वाटीत टाकायला किती सेकंद लागतात, ते मोजा. मग अंगठा व तर्जनीला जाड कापडाचे तीन पदर गुंडाळा आणि पुन्हा मोजा. तिसऱ्या वेळी कापड तसेच ठेवून डोळे मिटा आणि किती बेदाणे निसटतात ते पाहा. तिन्ही वेळा मिळालेले आकडे वहीत लिहून ठेवा. बोटांचे बळ तेवढेच होते. मग फरक कशामुळे पडला, याचे उत्तर आता तुम्हीच द्या.